आठ पानी कथेवरून ॲनिमेशन शॉर्ट फिल्म : व्हॉइसओव्हर, लांबी आणि परवानगी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलेलं आधी लिहितो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर सांगा. तुम्ही तिघं शेवटच्या वर्षाला आहात, हातात आठ महिने आहेत, टूडी करायचंय आणि एका दिवंगत लेखकाची आठ पानी कथा निवडलीय. माणदेशातल्या जिल्हा परिषद शाळेचा शिपाई स्वतःच्या तोंडून गोष्ट सांगतोय, निवृत्तीचा शेवटचा आठवडा आहे आणि बोलता बोलता तो सांगून टाकतो की लांबच्या वस्तीवरून पळत येणारी एक पोरगी होती, तिच्यासाठी तो सकाळचा टोल दोन मिनिटं उशिरा द्यायचा, ती सातवी होऊन जाईपर्यंत. हेडमास्तरांनी विचारलं की "घड्याळ मागं पडतंय गुर्जी" म्हणायचा. शेवटच्या दिवशी शाळेत विजेची घंटा बसते आणि ती बरोबर वेळेवर वाजते. गाईड म्हणतात व्हॉइसओव्हर घ्या, मित्र म्हणतो व्हॉइसओव्हर म्हणजे पळवाट, तुम्हाला फिल्म बारा मिनिटांची हवीय, आणि लेखकाच्या मुलानं फोनवर "करा की" म्हटलंय तेवढं पुरेल का, हे शेवटी विचारलंय.

मी बरीच वर्षं स्टोरीबोर्ड (शॉटवार कच्ची चित्रं) आणि ॲनिमॅटिकचं (तीच चित्रं आवाजासकट वेळेवर लावून केलेली कच्ची फिल्म) काम करतोय, त्यातलं बरंचसं साहित्यावरून आलेलं, म्हणून सविस्तर लिहितो. व्हॉइसओव्हर घ्यावा का हा तुमचा पहिला प्रश्न नाहीये असं मला वाटतं, तो बराच नंतरचा आहे. पहिली अडचण ही की तुमची अख्खी कथा एका सवयीवर उभी आहे. कथेत शिपाई म्हणतो की मी उशिरा टोल द्यायचो, आणि वाचकाच्या डोक्यात सात वर्षं आपोआप उभी राहतात. पडद्यावर हे होत नाही. पडद्यावर फक्त आजची सकाळ असते, एकच टोल, एकदाच उशिरा. एकदाच उशिरा झालेला टोल बघून प्रेक्षक काय समजणार, तर म्हातारा विसरला असेल. दुसरी अडचण अशी की कथेत सवय आणि तिचं कारण दोन्ही एकाच वाक्यात मिळतात, फिल्ममध्ये मात्र एक आधी दिसणार आणि एक मागून. कुठलं आधी ते तुम्हाला ठरवावं लागेल, आणि ते ठरलं की लांबी, निवेदन, किती पात्रं, शेवट, सगळं त्याच्या मागोमाग येतं.

आता यात तुमच्यावर अवलंबून असणाऱ्या गोष्टी आहेत त्या आधीच सांगून टाकतो. ही कथा तुम्हाला कशाबद्दल वाटते? मला ती त्या थांबवून धरलेल्या टोलाबद्दल वाटते, पण तुमच्यापैकी कोणाला ती निवृत्त होणाऱ्या माणसाच्या रितेपणाबद्दल वाटत असेल तर ते वाचनही चूक नाही, फक्त मग खाली मी जी मांडणी सांगतोय ती तुमच्या कामाची नाही, तुम्हाला शेवटचा दिवसच मोठा करावा लागेल आणि पोरगी जवळजवळ बाजूला ठेवावी लागेल. दुसरं म्हणजे तिघांत चांगलं ड्रॉइंग कोणाचं आहे, किती जण खरंच ॲनिमेट करू शकतात, हे मला माहीत नाही. तिसरं, ज्यूरीला पूर्ण फिल्म हवीय की ॲनिमॅटिक अधिक दोन मिनिटं फायनल चालतं, हे कॉलेजला आत्ताच विचारून घ्या, फेब्रुवारीत नको.

लांबीचं पटकन संपवतो कारण तो हिशोब आहे, मत नाही. 24 फ्रेम्सचा सेकंद, एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला 12 ड्रॉइंग्ज, मिनिटाला 720, आणि बारा मिनिटांना 8640, तेही एकच पात्र सतत हलतंय असं धरून. हातानं नीट केलेलं कॅरेक्टर ॲनिमेशन, क्लीनअपसकट (कच्च्या रेघा पक्क्या करण्यासकट), एका माणसाकडून आठवड्याला पाच-सात सेकंद झालं तरी मी चांगलं म्हणेन. तुमच्या आठ महिन्यांतले पहिले दोन-अडीच बोर्ड, डिझाइन आणि ॲनिमॅटिकमध्ये जाणार, शेवटचा एक साउंड आणि कंपोझिटिंगमध्ये (पात्रं आणि बॅकग्राउंड एकत्र जोडण्यात), म्हणजे राहिले वीस आठवडे. दोघं ॲनिमेट करतायत आणि तिसरा बॅकग्राउंड बघतोय असं धरलं तर साधारण 240 सेकंद, चार मिनिटं. त्यात स्थिर शॉट, रिकामे लाँग शॉट, पुन्हा वापरता येणारी बॅकग्राउंड्स धरली तर सहा मिनिटांपर्यंत जाता येईल. बारा विसरा. तसंही ही कथा सहा मिनिटांची आहे, बारा केलीत तर तो निरोप समारंभ, शाल-श्रीफळ, सरपंचाचं भाषण, हे सगळं आत येईल आणि तुमचे तीन महिने टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीचं ॲनिमेशन करण्यात जातील.

आता मुख्य मुद्दा, सवय पडद्यावर कशी दाखवायची. मी हे असं बोर्ड करेन.

सकाळ पहिली. कॅमेरा शाळेच्या ओट्यावर, जरा बाजूला, मधोमध आडव्या वाशाला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई येतो, खिशातलं घड्याळ बघतो, कोनाड्यातला लोखंडी गज घेतो, हात वर करतो. आणि थांबतो. पोरं रांगेत चुळबुळतायत. हात वरच आहे. मग टोल. बस एवढंच, काही स्पष्टीकरण नाही. प्रेक्षकाला वाटेल म्हातारा आहे, सावकाश आहे.

सकाळ दुसरी. तीच फ्रेम, तोच कोन, जाणूनबुजून तोच. हात वर जातो, थांबतो, आणि या वेळी आपण त्याच्या पाठीमागून बघतो, त्याच्या खांद्यावरून. समोर माळ, लांबवर बाभळी, आणि बांधावरून एक ठिपका हलतोय. खरंच ठिपका काढा, पोरगी काढू नका, चार-पाच पिक्सेल उंच, दोन ड्रॉइंग्जची सायकल, म्हणजे तीच दोन आलटून पालटून, एक ठिपका वर एक खाली. हेडमास्तर विचारतात, तो म्हणतो घड्याळ मागं पडतंय गुर्जी. ठिपका फाटकाशी आला की टोल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या कथेत हे घड्याळाचं वाक्य ओघात येऊन जातं असं तुम्ही लिहिलंय, पण फिल्मसाठी मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं. कारण इथे तोंड एक सांगतंय आणि चित्र दुसरं. प्रेक्षकाला कळतं की हा खोटं बोलतोय, आणि कशासाठी बोलतोय तेही त्याच फ्रेममध्ये समोर दिसतंय. त्या एका क्षणात प्रेक्षक त्याचा भागीदार होतो, हेडमास्तरांना माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे. कथेत हे काम पूर्ण परिच्छेद करतो.

सकाळ तिसरी, चौथी, पाचवी एका दमात. फक्त हात आणि रूळ, क्लोजअप. पावसात भिजलेली बाही, थंडीतलं स्वेटर, उन्हाळ्यातला घाम. प्रत्येक वेळी हात वर, थांबणं, टोल, पण दर वेळी थांबणं थोडं कमी. का कमी, तर ती मोठी होतेय, पाय लांब झालेत, लवकर पोचतेय. हे कुठेही बोलून दाखवायचं नाही. दोन सेकंदांचा होल्ड, म्हणजे पोझ थांबवून धरणं, मग दीड मग एक. सात वर्षं गेली हे "सात वर्षांनंतर" अशी पाटी न लावता कळतं, आणि एकच हाताचं ॲनिमेशन बाही बदलून तीन वेळा वापरल्यामुळे तुमचं कामही वाचतं. ॲनिमेशनमध्ये पुनरावृत्ती स्वस्त पडते, आणि सवयीची गोष्ट पुनरावृत्तीनंच सांगायची असते, म्हणून ही कथा या माध्यमाला मला फार योग्य वाटली, तुमची निवड चांगली आहे.

त्या थांबण्याबद्दल थोडं अजून लिहितो, कारण अख्खी फिल्म त्याच्यावर उभी राहणार की पडणार. लाइव्ह ॲक्शनमध्ये नट हात वर करून थांबला की तो थांबलेला असतानाही जिवंत असतो, श्वास चालू असतो, बोटं किंचित थरथरतात. ड्रॉइंग थांबवलंत तर ते मरतं, प्रेक्षकाला वाटतं व्हिडिओ अडकला. म्हणून त्या होल्डमध्ये काहीतरी अगदी थोडं चालू ठेवावं लागतं. एकच पोझ तीन वेळा ट्रेस करून त्यांची सायकल केली तर रेघ हलती राहते, तेवढं बऱ्याचदा पुरतं. पण मी इथे मनगट वापरेन. गज जड आहे, हात वर धरून माणूस दोन-तीन सेकंद उभा राहिला की मनगट हळूहळू खाली येतं आणि तो ते परत वर घेतो. ही बारीक हालचाल काढलीत की वजनही कळतं, वयही कळतं आणि तो मुद्दाम थांबलाय हेही कळतं, कारण विसरलेला माणूस मनगट परत वर घेत नाही. घरी एखादी पहार किंवा जड हातोडी घेऊन स्वतः उभे राहा, मोबाईलवर शूट करा, आणि मग काढा. हा शॉट तुमच्यातला सगळ्यात चांगला ॲनिमेटर करेल आणि त्याला पाहिजे तेवढा वेळ द्या, बाकी कुठेही घाई केलीत तरी चालेल.

आणि एक शॉट तिच्या बाजूनं हवाच. ती बांधावर आहे, पळतेय, लांब शाळा काडेपेटीएवढी दिसतेय. टोल पडतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे ती अर्ध्या किलोमीटरवर असेल तर गज रुळावर आदळलेला आधी दिसेल आणि आवाज जवळजवळ दीड सेकंदानं येईल, 36 फ्रेम्स. ते अंतर तसंच ठेवा. एडिटिंगला बसलेला मित्र म्हणेल साउंड सिंक नाहीये, त्याला सांगा हे असंच हवंय. दीड सेकंद शांतता आणि मग आवाज, एवढ्यात ती किती लांबून येते ते कळतं. किलोमीटर सांगणारा संवाद घालायची गरज उरत नाही.

आता व्हॉइसओव्हर. तुमच्या मित्राशी मी सहमत नाही. निवेदन ही पळवाट असते असा काही नियम नाही. कॅनडातले ॲनिमेटर फ्रेदेरिक बाक यांची 1987 ची 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज' जमली तर बघाच, फ्रेंच लेखक जाँ जिओनोच्या 1953 च्या कथेवरून केलेली तीस मिनिटांची फिल्म, फ्रॉस्टेड सेलवर (खरबरीत अर्धपारदर्शक शीटवर) रंगीत पेन्सिलीनं काढलेली, ऑस्कर मिळालेली. तिच्यात जवळजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत निवेदन आहे आणि एकदाही खटकत नाही. कारण कथेतच सांगणारा हा बघणारा आहे, वर्षावर्षांनी परत येऊन त्या मेंढपाळाला बघून जाणारा, आणि झाडं लावणारा माणूस स्वतः फारसा बोलतच नाही. आवाज आणि माणूस दोन वेगळे आहेत. शिवाय बाक यांची चित्रं निवेदनामागून चालत नाहीत, एकातून दुसरं उमलत जातात, वाक्यात नसलेलं दाखवतात. तुमच्याकडे परिस्थिती उलटी आहे, सांगणारा आणि करणारा एकच, आणि तो जे सांगतो तेच चित्रात करतोय. "मी गज उचलला" असं ऐकू येतंय आणि चित्रात गज उचलला जातोय, असं सहा मिनिटं झालं तर चित्र काढलंच कशाला.

पहिल्या पुरुषातली कथा निवेदनासकट कशी जमते याचं वेगळं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या यूपीए स्टुडिओची 1953 ची 'द टेल-टेल हार्ट', एडगर ॲलन पोच्या कथेवरून. तिथे जेम्स मेसनचा आवाज सतत आहे, पण बोलणारा माणूस जवळजवळ दिसतच नाही, आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो, फार तर सावली दिसते. म्हणजे आवाज ठेवला आणि शरीर काढून घेतलं. तुम्हाला तसं करता येणार नाही, तुमचा सगळा जीव त्याच्या हातात आणि मनगटात आहे, म्हणून तुम्ही शरीर ठेवा आणि आवाज काढून घ्या. आणि अगदी दुसऱ्या टोकाला, अलेक्सेयेफ आणि पार्कर यांनी 1963 मध्ये रशियन लेखक गोगोलची 'नाक' पिनस्क्रीनवर केली (असंख्य टाचण्या आत-बाहेर सरकवून त्यांच्या सावल्यांतून चित्र उभं करायचा पडदा), गोगोलसारख्या बोलघेवड्या लेखकाची कथा, आणि फिल्ममध्ये समजेल असा एक शब्द नाही.

मग तुमच्यासाठी माझं मत काय, तर निवेदन नको, संवाद तीन-चार ओळींचे. घड्याळाची ओळ नक्की, ती दोनदा येऊ दे, दुसऱ्यांदा हेडमास्तर विचारतच नाहीत आणि हाच आपणहून म्हणतो. गाईड ऐकतच नसतील तर एक मधला मार्ग आहे, सुरुवातीला दोन वाक्यं त्याच्या आवाजात ठेवा, पण त्यात पोरीचा उल्लेख येऊ देऊ नका. "इतकी वर्षं टोल देतोय, कधी वेळ चुकली नाही" असं काहीतरी, म्हणजे तिथेही आवाज चित्राच्या विरुद्ध जातो. आणि गाईडना पटवायचं असेल तर वाद घालू नका, कथा मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करून ऐकवा. छापील पान मराठीत सावकाश वाचलं की दोन मिनिटं तरी जातात, आठ पानांची सोळा मिनिटं झाली. सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये त्यातलं कुठलं ठेवायचं हा प्रश्न मग त्यांनाही पडेल.

काढून काय टाकायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तिथेच सगळे अडकतात. लेखकावर प्रेम असतं, एकेक वाक्य आवडलेलं असतं, टाकवत नाही. कॅरोलाइन लीफ यांनी 1976 मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी मोर्डेकाय रिश्लरच्या कथेवरून 'द स्ट्रीट' केली, काचेवर रंग पसरून कॅमेऱ्याखालीच चित्र बदलत जायचं अशा पद्धतीनं. मॉन्ट्रियलमधलं ज्यू कुटुंब, आजी अंथरुणाला खिळलेली आणि नातू वाट बघतोय की ती गेली की तिची खोली आपल्याला मिळणार. फिल्म दहाएक मिनिटांची. एक घर, एक खोली, एक पोरगा, आणि ती खोली कधी मिळणार हा एकच प्रश्न शेवटपर्यंत ताणून धरलाय, बाकी सगळं त्याच्या भोवती. शिवाय कट जवळजवळ नाहीत, एक माणूस विरघळून दुसरा होतो, त्यामुळे दाटीवाटीच्या घरातलं जगणं तंत्रातूनच येतं. तुमच्याकडे तसा प्रश्न म्हणजे तो हात खाली कधी येणार. त्याच्याशी संबंध नसलेलं काढा. शिपायाची बायको, त्याची स्वतःची सुटलेली शाळा, निरोप समारंभ, हे तिन्ही मी काढेन. समारंभाचा फार तर एक शॉट, रिकाम्या वर्गातल्या टेबलावर पडलेला हार. बायकोबद्दल वाईट वाटेल, तुम्ही लिहिलंय की तो भाग फार सुंदर आहे, पण तो वाचायला कथा आहेच.

शेवटच्या घंटेबद्दल तुम्ही विचारलंय की ती तशीच ठेवावी का. ठेवा. फक्त तिच्या आधी रुळाचा आवाज प्रेक्षकाच्या कानात पक्का बसलेला हवा, लांब घुमणारा, मागे हलका थरार राहणारा, म्हणजे विजेची घंटा एकदम कोरडी सुरू होऊन एकदम बंद झाली की फरक अंगावर येईल. म्हणून साउंड शेवटी करू नका. रुळाचा तुकडा खरा शोधा, जुन्या शाळांत अजून टांगलेला सापडतो, आणि तीन अंतरांवरून रेकॉर्ड करा, जवळ, मैदानाच्या टोकाला, आणि जमेल तितकं लांब उघड्या माळावर. लायब्ररीतला चर्चच्या घंटेचा आवाज घेतलात तर सगळं फसेल. संवादही ॲनिमेशनच्या आधी रेकॉर्ड करा आणि माणदेशाकडचा माणूस बोलायला घ्या. पुण्यातल्या मित्राला "गुर्जी" म्हणायला लावून तो हेल येत नाही. लिपसिंकची, म्हणजे ओठ आणि आवाज जुळवण्याची, फार चिंता नको, संवाद थोडे आहेत, प, ब, भ, म ला ओठ बरोबर मिटले आणि मोठ्या स्वरांना तोंड उघडलं की लाँग शॉटमध्ये पुरेसं होतं.

ॲनिमॅटिकबद्दल एकच आग्रह. स्टोरीबोर्डची चित्रं खडूच्या रेघोट्यांइतकी कच्ची असली तरी चालतील, पण टोलाच्या खऱ्या आवाजासकट सहा मिनिटांचं ॲनिमॅटिक आधी पूर्ण करा आणि कथा न वाचलेल्या दोन-चार लोकांना दाखवा. दाखवताना काही सांगू नका. मग एवढंच विचारा, तो का थांबत होता? दुसऱ्या सकाळनंतर उत्तर आलं तर तुमची मांडणी चालतेय. पहिल्याच सकाळी आलं तर तुम्ही फार लवकर दाखवताय, शेवटीही आलं नाही तर ठिपका मोठा करा किंवा अजून एक सकाळ घाला, तेव्हा व्हॉइसओव्हर घालून ते झाकू नका. या टप्प्यावर एक सकाळ घालायला किंवा काढायला एक दुपार लागते, कलर झाल्यावर तेच करायला महिना जातो.

तंत्राचं म्हणाल तर रशियन ॲनिमेटर अलेक्सांद्र पेट्रोव्ह यांच्या काचेवरच्या तैलरंगासारखं करायचंय असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' (1999) ला सुमारे 29,000 चित्रं लागली, बोटांनी काचेवर रंगवलेली, आणि फिल्म वीस मिनिटांची. फार मोठं काम आहे, बघा, शिका, पण आठ महिन्यांत त्याच्या मागे जाऊ नका. तुमच्या गोष्टीला रिकामी जागा जास्त लागते. माळ, आकाश, एक रूळ, एक हात. कागदाचा पोत, दोन-तीन मातकट रंग आणि बारीक रेघ एवढ्यावर ती उभी राहील. बॅकग्राउंड करणाऱ्यानं मात्र म्हसवड-दहिवडीकडे एकदा जाऊन यावं. आपल्याकडे खेडं काढायचं म्हटलं की आपोआप हिरवे डोंगर, नारळ आणि वळणावळणाची नदी येते. तिकडे मुरमाड माळ आहे, बोरी-बाभळी, लिंब, उघडं आकाश. मुलगी इतक्या लांबून दिसते कारण मध्ये काहीच नाही, म्हणजे ती जमीनच तुमच्या गोष्टीचा भाग आहे, कोकणात ही गोष्ट घडूच शकत नाही.

आता परवानगी. फोनवरचं "करा की" पुरत नाही. तुमचे लेखक 1986 मध्ये गेले असं तुम्ही लिहिलंय. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढचं वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षं हक्क टिकतो, म्हणजे 2046 च्या अखेरपर्यंत तो वारसांकडे, आणि कथेचं फिल्मरूप करायचा हक्क त्यातच येतो. परवानगी लेखीच लागते. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या, फक्त ओळखीच्या मुलाची नको. प्रकाशकाकडे पुस्तक छापायचे हक्क असतात म्हणून फिल्मचे असतीलच असं नाही, वारसांना लेखकाचा जुना करार सापडतो का विचारा. पत्रात मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहा, कारण लिहिलं नाही तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश फक्त भारत असं धरतो, आणि तुम्ही ऑनलाइन टाकणार किंवा बाहेरच्या फेस्टिव्हलला पाठवणार म्हणजे "संपूर्ण जग" लागेल. अजून एक, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर एका वर्षात हक्क वापरला नाही की तो गेला असं धरलं जातं, आणि कॉलेजच्या फिल्म्स वर्षभर लांबतात हे तुम्हालाही माहीत आहे, तर त्याचाही उल्लेख करून घ्या. कथेत बदल करायला संमती आहे हेही एका ओळीत हवं, कारण कथेचं विकृतीकरण झालं असं म्हणायचा हक्क वारसांकडेही असतो. पत्राबरोबर ॲनिमॅटिक दाखवा, बायकोचा भाग का काढला ते समोर बसून सांगा, माझा अनुभव असा की घरच्यांना आपल्या माणसाची कथा कोणीतरी इतकी बारकाईनं वाचलीय हे दिसलं की सह्या अडत नाहीत.

आणि समजा नाहीच मिळाली, तर हक्क संपलेलं साहित्यही बरंच आहे. हरिभाऊ आपटे 1919 मध्ये गेले, साने गुरुजी 1950 मध्ये, या दोघांच्या कथांना कोणाची परवानगी लागत नाही. परदेशी जुना लेखक घेतलात, समजा चेकॉव्ह, तर मूळ कथा मोकळी आहे पण तुम्ही वाचलेला मराठी अनुवाद मोकळा असेलच असं नाही, अनुवादकाचा हक्क वेगळा मोजतात, त्यामुळे त्यातली वाक्यं संवादात उचलू नका. पण आधी याच कथेसाठी प्रयत्न करा. पत्राचा मसुदा तयार झाला की इथेच टाका (नावं काढून), मी वाचून काय राहिलंय ते सांगतो, आणि पहिल्या दोन सकाळींचे बोर्ड झाले असतील तर तेही टाका.